एक्झॉस्टमधली बॅटरी

‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला की निदान तयारच असतं: एक्झॉस्टच्या पाइपात बसून धुरातला ऑक्सिजन तपासणारा ऑक्सिजन सेन्सर गेला, बदला. नवा सेन्सर बसतो, दिवा चार दिवस गप्प राहतो आणि पुन्हा लागतो. कारण सेन्सर बिचारा बरेचदा खरंच सांगत असतो. स्कॅनरवर पी०१७१ (पेट्रोल कमी, हवा जास्त) दिसला, तर आधी इनटेकचा (इंजिनात हवा नेणारा) एखादा होज चिरलाय का ते पाहावं. पी०१३५ आला तर मात्र संशय सेन्सरच्या हीटरवर. कनेक्टर सोडून हीटरच्या दोन वायरींवर (बहुतेकदा एकाच रंगाच्या) मल्टिमीटर लावा. गार सेन्सरला साधारण २ ते १५ ओहम दिसायला हवेत. काहीच दिसलं नाही तर हीटर तुटलाय. आकडा बरोबर असेल तर फ्यूज बघा.

हा सेन्सर म्हणजे खरं तर एक चिमुकली बॅटरी. टोकाला पेनाच्या टोपणासारखी झिर्कोनियाची (झिर्कोनियम ऑक्साइड या सिरॅमिकची) पोकळ नळी, तिच्यात थोडं यिट्रियम मिसळलेलं. झिर्कोनियमच्या आयनावर चार धनभार, यिट्रियमवर तीनच. हिशेब जुळवायला स्फटिकात ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. नळी ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापली की ऑक्सिजनचे आयन या रिकाम्या जागांतून उड्या मारत सरकतात. इलेक्ट्रॉनना ती वाट बंद. नळीच्या आत साधी हवा, म्हणजे २१ टक्के ऑक्सिजन. बाहेर इंजिनाचा धूर. दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा सच्छिद्र थर. आयन जास्तीकडून कमीकडे निघतात आणि दोन थरांमध्ये व्होल्टेज तयार होतं.

किती? नर्न्स्टच्या समीकरणानुसार ६०० अंशांना धुरातला ऑक्सिजन दहापट कमी झाला की सुमारे ४३ मिलिव्होल्ट वाढतात. ०.१ व्होल्ट म्हणजे धुरात साधारण ०.१ टक्का ऑक्सिजन. ०.९ व्होल्टला मात्र हवेच्या तुलनेत ऑक्सिजन कमी होतो तो एकावर जवळपास २१ शून्य इतक्या पटीने! एवढे मोजके रेणू सेन्सर मोजत बसत नाही. पेट्रोल थोडं जरी जास्त झालं तरी धुरात कार्बन मोनॉक्साइड उरतो आणि प्लॅटिनमवर तो उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतो. म्हणून १ किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा ही रेषा ओलांडताना व्होल्टेज उतार चढत नाही, कड्यावरून उडी मारतं. इंजिनाच्या कॉम्प्युटरला तेवढंच हवं असतं: रेषेच्या अलीकडे की पलीकडे. त्यावरून तो पेट्रोल कमी-जास्त करतो. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला हे प्रमाण १३.५ च्या आसपास येतं, पण रेषा कुठे आहे ते सेन्सरला सांगावं लागत नाही.

आणि म्हणूनच पेट्रोलच्या पाइपला चुंबक बांधून मायलेज वाढवण्याची जाहिरात हास्यास्पद आहे. चुंबकाने मिश्रण बदललंच असतं, तर याच सेन्सरने ते लगेच परत रेषेवर आणलं असतं. बॉनेटला बांधलेल्या लिंबू-मिरचीचा निदान काही तांत्रिक दावा तरी नसतो.

बदलायचाच असेल तर आदल्या रात्री आट्यांवर गंजावरचा स्प्रे मारा. सकाळी इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा. कोमट धातूतून सेन्सर सहज सुटतो. हातमोजे घाला. कनेक्टर आधी सोडा, मग वायरसाठी खाच असलेला २२ चा सॉकेट लावा. मध्येच अडकला तर जोर करू नका: पुन्हा थोडा आवळा, स्प्रे मारा, सोडा. नाहीतर पाइपातले आटेच बाहेर येतील. नव्याच्या आट्यांवर बहुधा विशेष ग्रीस लावलेलं असतं. ते टोकाला लागता कामा नये. पहिले काही आटे हातानेच फिरवा, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर.

बरेच सेन्सर आतली हवा वायरींच्या तारांमधूनच घेतात. त्यामुळे कनेक्टरमध्ये ग्रीस भरणं किंवा जुन्या वायरीला सोल्डर करणं म्हणजे त्याचं नाक दाबणं. पेट्रोलमध्ये बुडवून सेन्सर ‘साफ’ करणंही फुकट: सिलिकॉन सीलंटच्या वाफेने प्लॅटिनमवर बसलेला काचेसारखा थर त्याने निघत नाही.

शेवटी कोड पुसा, इंजिन तापू द्या आणि स्कॅनरवर पुढच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीच्या, इंजिनाजवळच्या) सेन्सरचं व्होल्टेज पाहा. दहा सेकंदांत ते ०.१ ते ०.९ अशा अनेक फेऱ्या मारतं (मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरला हे आकडे लागू नाहीत). नवाही ०.१ लाच चिकटून बसला, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर गोळा करणारा पाइप) इंजिनाला जोडतो तिथल्या गॅस्केटपाशी काजळीचा काळा पट्टा शोधा. तिथून धूर बाहेर येतो, तशी धुराच्या दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवाही आत ओढली जाते आणि सेन्सरला तीच दिसते.