घरातली परवान्याची बंदूक आणि वारसांची जबाबदारी

वडील गेले, दिवसकार्य झालं, सातबारावर वारसनोंद झाली, बँकेचे कागद मार्गी लागले. कपाटातली बारा बोअरची बंदूक मात्र होती तिथेच राहते. कोकणात डुक्कर-माकडांसाठी घेतलेली ठासणीची बंदूक अशीच वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडून असते. "परवाना आहे ना?" आहे, पण तो वडिलांच्या नावावर. परवानाधारक गेला की घरच्यांचा त्या शस्त्रावरचा ताबा कायदेशीर राहत नाही. बेवारस पडलेली अशी हत्यारं भलत्याच हाती लागू नयेत, म्हणून नियम कडक आहेत.

पहिलं काम अर्जाचं नाहीच. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ नुसार बंदूक आणि काडतुसं विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करा. पावतीवर शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या आहे ना, हे तिथेच उभं राहून तपासा. विनापरवाना बंदूक बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ ते कमाल ५ वर्षं कैद आणि दंड आहे.

मग ठरवा: ठेवायची की विकायची? शेती उरली नसेल, घरात लहान मुलं असतील, तर माझं मत विकण्याकडे. तोही व्यवहार परवाना देणाऱ्या कार्यालयाच्या परवानगीनेच करा.

ठेवायची असेल तर वारसाने स्वतःच्या नावाने परवाना मागायचा. अर्ज नमुना 'ए-१' मध्ये असतो. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे. अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर ती संपल्यापासून ५ वर्षं परवाना मिळत नाही. आणि मुख्य अट: एका व्यक्तीकडे दोनच बंदुका. २०१९ पूर्वी तीन चालायच्या. वारसाहक्कालाही यातून सूट नाही, तेव्हा तुमच्याकडे आधीच दोन असतील तर आजोबांची आठवण म्हणूनही तिसरी ठेवता येणार नाही.

सोबत फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, मृत्यू दाखला, मूळ परवाना, जमा पावती आणि इतर वारसांचं नाहरकत प्रतिज्ञापत्र जोडा. भावंडांत वाद असेल तर अर्ज इथेच अडकतो. शस्त्र कुलपात सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. वैद्यकीय प्रमाणपत्र ओळखीच्या डॉक्टरकडून दोन ओळींत उरकू नका: मानसिक आणि शारीरिक स्वास्थ्य ठीक असून अर्जदार दारू वा अमली पदार्थांच्या आहारी गेलेला नाही, असा स्पष्ट उल्लेख त्यात लागतो.

यानंतर स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. तो प्रतिकूल असला, तर मुलगा आहे म्हणून परवाना मिळेलच असं नाही. नकाराची कारणं लेखी नोंदवावी लागतात. ती मागून घ्या, कारण अपिलात तीच कामी येतात. परवाना मिळाला तर त्यावर यूआयएन, म्हणजे स्वतंत्र ओळख क्रमांक, आहे ना ते पाहा. मुदत आता ३ ऐवजी ५ वर्षांची आहे.

परवानाधारक हयात असेल तर हे सगळं आधीच करता येतं. वयाची ७० वर्षं पूर्ण झाली असतील किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली असतील, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे परवाना मिळू शकतो. भावंडांची सहमतीही तेव्हा सहज मिळते.

राहता राहिला लग्नाच्या वरातीत बंदुकीने उडवलेला बार. परवाना असला तरी तो गुन्हाच: २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.