‘भूल नाही, नुसती गुंगी’ : पार्श्वभूमी

“भूल द्यायची नाही, नुसती गुंगी म्हणाले, म्हणून सकाळी दुधाचा चहा पाजला.” मिरजेत पाठीवरची गाठ काढायला आणलेल्या आजींच्या सुनेचं हे वाक्य. शस्त्रक्रिया दुपारवर गेली. चूक सुनेची नव्हती, शब्दाची होती. आपल्याकडे ‘पूर्ण भूल’ म्हणजे झोपवणं, ‘अर्धी भूल’ म्हणजे कमरेतलं इंजेक्शन आणि ‘जागा बधिर करणं’ वेगळं. शिरेतून मिळणारी गुंगी यातल्या कशातच बसत नाही. पण गुंगीतही उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून हलकं खाणं सहा तास आणि पाणी दोन तास आधी बंद. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत.

इंग्रजीतही हा घोळ होताच. ‘शुद्धीतली गुंगी’ हा शब्द वर्षानुवर्षं चालला. 1999 साली अमेरिकेत गुंगीच्या पायऱ्या ठरल्या आणि त्यात ‘मध्यम गुंगी’ आली : हाक मारली की रुग्णानं ओ द्यायची. तरी औषध तेच ठेवून डोस थोडा वाढला, की रुग्ण पुढच्या पायरीवर घसरतो. ‘नुसती’ हा शब्द म्हणूनच मला खटकतो.

औषधांचं म्हणाल तर आधी डायझेपाम. शिरेत जळजळायचं आणि अंमल दुसऱ्या दिवशीही रेंगाळायचा. शिवाय फोर्टविन (वेदनाशामक) आणि फेनर्गन (झोप आणणारं) यांची जोडगोळी. 1985 मध्ये अमेरिकेत मिडाझोलामला परवानगी मिळाली. ते जळजळत नाही, लवकर उतरतं. पण ते डायझेपामहून तीव्र, तरी डायझेपामच्या हिशेबानं डोस दिले गेले आणि श्वास थांबून काही रुग्ण दगावले. मग इशारे कडक झाले, थोडं थोडं देण्याची पद्धत आली.

डेक्समेडेटोमिडीन 1999 मध्ये अतिदक्षता विभागासाठी आलं, 2008 मध्ये छोट्या शस्त्रक्रियांसाठी. त्यात श्वास बहुधा टिकतो, हाकेला ओ मिळते; पण नाडी मंदावते, पहिला डोस दहा मिनिटं सावकाश सोडावा लागतो. मिडाझोलामला फ्लुमाझेनिल हा उतारा आहे, याला माणसांसाठी तसा नाही. उलट मिडाझोलाममुळे आठवण पुसली जाते, त्यामुळे घरी जायच्या सूचना नातेवाइकांनाच सांगाव्या लागतात.

दोन्हींची तुलना करणारे पुष्कळ अभ्यास गुंगी मोजतात ती 1974 सालच्या सहा पायऱ्यांच्या मापानं. ते माप अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठी केलेलं. गाठ काढायला आलेल्या आजींना ते लावून ‘अमुक सरस’ म्हणणं जरा धाडसाचंच.

त्या दिवशीच्या संमतिपत्रावर चौकटी तीन होत्या : पूर्ण, अर्धी, बधिर. ‘गुंगी’ समासात पेनानं लिहिलेली होती.