मदरबोर्ड निवडताना: सॉकेट जुळले म्हणजे काम झाले असे नाही

घरच्या घरी संगणक जुळवणारे आमचे अनेक ग्राहक नवा मदरबोर्ड नेल्यावर लगेचच परत घेऊन येतात आणि ‘डिस्प्ले येत नाही, बोर्ड डेड निघाला’ असे सांगतात. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडद्यावर काहीच उमटत नाही. असा बोर्ड आम्ही टेबलावर घेऊन त्याच सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवण्याची जागा) थोड्या जुन्या प्रोसेसरवर चालवून पाहतो आणि पुष्कळदा तो काहीही कुरकुर न करता सुरू होतो. दोष बोर्डातही नसतो आणि ग्राहकाच्या प्रोसेसरमध्येही नसतो. बोर्डावरचे बायोस, म्हणजे बोर्ड सुरू करणारे सॉफ्टवेअर, तो प्रोसेसर बाजारात येण्याआधीचे असते, इतकेच. हा एक घोटाळा टळला तर ग्राहकांचे हेलपाटे वाचतील आणि आमचा वेळही, म्हणून हे माहितीपत्रक काढले आहे.

संगणकाचे सुटे भाग आणि त्यांची कामे आपणांस ठाऊक आहेत असे आम्ही गृहीत धरतो. खरेदीचा क्रम मात्र सांगावासा वाटतो. आधी कामाप्रमाणे प्रोसेसर ठरवावा आणि त्यानंतर त्याला साजेसा बोर्ड शोधावा. बोर्डाचे देखणे आवरण आणि रंगीत दिवे पाहून उलट दिशेने निघालेल्या ग्राहकाला पुढे प्रत्येक भागात तडजोड करावी लागते, असा आमचा अनुभव आहे.

सॉकेट एक, पिढ्या अनेक

प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या एकच सॉकेट काही वर्षे चालवतात आणि त्या काळात त्यावर बसणाऱ्या प्रोसेसरच्या नव्या पिढ्या येत राहतात. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ च्या पहिल्या रायझनपासून रायझन ५००० पर्यंतचे प्रोसेसर आले. त्यानंतरचे एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये रायझन ७००० सोबत आले आणि २०२४ मध्ये रायझन ९००० मालिकाही त्याच सॉकेटवर आली. इंटेलचे एलजीए १७०० सॉकेट २०२१ च्या अखेरीस बाराव्या पिढीबरोबर आले आणि तेराव्या व चौदाव्या पिढीलाही तेच चालले. म्हणजे २०२२ साली तयार झालेल्या एएम५ च्या बी६५० बोर्डात रायझन ९००० मालिकेतील प्रोसेसर बिनचूक बसतो, कडीही व्यवस्थित लागते. पण बायोस कारखान्यातून निघताना भरले गेले ते तसेच असेल, तर त्याला हा प्रोसेसर ओळखता येत नाही आणि संगणक पडदा उजळण्याच्या आधीच थांबतो. एलजीए १७०० च्या पहिल्या खेपेच्या बी६६० बोर्डांवर तेराव्या पिढीचा प्रोसेसर लावणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो, आणि एएम४ च्या जुन्या खेपेच्या बी४५० बोर्डावर रायझन ५००० लावणाऱ्यांना तर हमखास येतो.

ही झाली बायोस अद्ययावत केल्याने सुटणारी अडचण. काही जोड्या मात्र सॉकेट एक असूनही कधीच जमत नाहीत. इंटेलच्या सहाव्या आणि सातव्या पिढीचे सॉकेट एलजीए ११५१ होते आणि आठव्या-नवव्या पिढीचे नावही तेच. तरी बी२५० सारख्या जुन्या चिपसेटच्या (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप; बोर्डाला तिच्याच नावाने ओळखतात) बोर्डांवर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालवायला कंपनीने मुभा दिलेली नाही. एलजीए १२०० च्या बाबतीतही मूळ एच४१० आणि बी४६० चिपसेट दहाव्या पिढीपाशी थांबले आणि अकरावी पिढी त्यांच्या वाट्याला आली नाही. वापरलेला बोर्ड स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण अशा बोर्डावर कितीही नवे बायोस चढवले तरी उपयोग होत नाही.

खात्री कशी करावी

प्रत्येक बोर्डाच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्या बोर्डाच्या पानावर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते. त्या यादीत आपला प्रोसेसर शोधावा. प्रोसेसरचे नाव दिसले की बहुतेक ग्राहक तिथेच समाधानाने पान बंद करतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो. नावासमोर आणखी एक रकाना असतो. त्यात बायोसच्या कोणत्या आवृत्तीपासून हा प्रोसेसर चालतो ते लिहिलेले असते. तो आकडा टिपून घ्यावा आणि हातातल्या बोर्डावर कोणती आवृत्ती आहे हे विकत घेतानाच विचारावे. पुष्कळदा खोक्यावर किंवा बोर्डावरच्या एखाद्या लहान चिकटपट्टीवर ती छापलेली असते, आणि काही खोक्यांवर नव्या पिढीसाठी बोर्ड तयार असल्याची वेगळी चिठ्ठीही लावलेली असते. बोर्डाचे नाव शेवटच्या अक्षरापर्यंत जुळले पाहिजे. वाय-फाय असलेला आणि नसलेला, डीडीआर४ रॅमचा आणि डीडीआर५ रॅमचा, पहिल्या सुधारणेचा आणि दुसऱ्या सुधारणेचा, हे सगळे वेगवेगळे बोर्ड समजावेत आणि प्रत्येकाची यादी वेगळी पाहावी.

‘बोर्ड सुरूच होत नसेल तर बायोस बदलणार कसे?’ हा प्रश्न त्यानंतर येतोच. बोर्डाच्या मागच्या बाजूला ‘बायोस फ्लॅशबॅक’ किंवा तत्सम नावाचे बटण असेल, तर प्रोसेसर आणि रॅम न लावताही हे काम होते. त्यासाठी बोर्डाला एसएमपीएसची (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या पेटीची) चोवीस पिनांची जोडणी आणि बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरची आठ पिनांची जोडणीही द्यावी लागते, फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर निर्मात्याने सांगितलेल्या नावानेच फाइल ठेवावी लागते आणि तो पेनड्राइव्ह खूण केलेल्या ठरावीक यूएसबी पोर्टमध्येच लावावा लागतो. दिवा लुकलुकत असेपर्यंत, मग त्याला कितीही मिनिटे लागोत, वीज बंद करू नये. अर्धवट लिहिलेले बायोस घेऊन आलेल्या बोर्डावर आम्हालाही बराच वेळ घालवावा लागतो. असे बटण नसलेल्या बोर्डाला जुना प्रोसेसर तात्पुरता बसवण्यावाचून मार्ग नाही. दोन बोर्डांत निवड अडली असेल, तर हे बटण असलेला बोर्ड घ्यावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. वर्षानुवर्षे त्याची गरज पडणार नाही, पण जेव्हा पडेल तेव्हा दुसरे काहीच कामाला येणार नाही.

बायोस अद्ययावत करण्यासाठी आम्ही स्वतंत्र शुल्क का घेतो, याबद्दल काही ग्राहक नाराजी व्यक्त करतात. ज्यांनी प्रोसेसर आणि बोर्ड दोन्ही आमच्याकडून घेतले आहेत त्यांच्याकडून हे शुल्क आम्ही घेत नाही; त्यांचा बोर्ड त्यांच्याच प्रोसेसरवर चालवून, बायोसचे पहिले पान दाखवूनच हाती दिला जातो. बोर्ड इथला आणि प्रोसेसर दुसरीकडचा असेल, तर त्यासाठी खोके उघडणे, जुना प्रोसेसर बसवणे, फाइल चढवणे आणि पुन्हा बांधून देणे यात कारागिराचा वेळ जातो, आणि ते शुल्क त्या वेळाचे आहे. याच कारणाने आम्ही बोर्ड देण्याआधी सर्व भागांची यादी मागतो. ती चौकशी नव्हे. नंतर होणारी ये-जा तिथेच संपवण्याचा तो मार्ग आहे.

आपला संगणक सुरळीत चालत असेल तर केवळ नवी आवृत्ती निघाली म्हणून बायोस बदलण्याची घाई करू नये, असा आमचा सर्वसाधारण सल्ला असतो. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितले जाऊन अस्थिरता येत असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले आणि त्यावरील सुधारणा ऑगस्ट २०२४ पासून बायोसमार्फतच दिली. या पिढ्यांचा प्रोसेसर घेणाऱ्यांनी त्यानंतरचे बायोस आधी चढवावे आणि मगच संगणक रोजच्या कामाला लावावा.

चिपसेट किती मोठा हवा

इथे आम्ही ग्राहकाला पुष्कळदा स्वस्त बोर्डाकडे वळवतो, याचे काहींना आश्चर्य वाटते. प्रोसेसरचा वेग हाताने वाढवायचा नसेल, तर इंटेलच्या बाजूला झेड७९० ऐवजी बी७६० पुरेसा आहे. आणि ज्या प्रोसेसरच्या नावात ‘के’ नाही, त्याच्यासाठी झेड मालिकेचा बोर्ड घेऊन ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे वेग वाढवण्याचा, लाभ मिळत नाहीच. याउलट सर्वांत लहान एच६१० वर रॅमचे दोनच स्लॉट मिळतात आणि रॅमचा वेग नेमून दिलेल्या मर्यादेपुढे नेता येत नाही. त्यातही जास्त वीज ओढणारा मोठा प्रोसेसर अशा साध्या बोर्डावर लावला, तर बोर्डावरचा प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग तापून प्रोसेसर आपला वेग कमी करतो आणि त्यावर घातलेला पैसा वाया जातो. वाचलेली रक्कम चांगल्या एसएमपीएसवर खर्च करावी; तोही आमच्याकडे मिळतो, हे ओघाने सांगतो.

कॅबिनेटचे माप मात्र विसरू नये. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४ चा आणि मिनी आयटीएक्स १७० बाय १७० चा असतो.

रॅम आणि पहिली सुरुवात

डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ संपर्क असले तरी खाच वेगळ्या जागी आहे, त्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही आणि जोर लावून बसवूही नये. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारांत निघाले असल्याने तिथे नाव वाचूनच खरेदी करावी. चार स्लॉट असताना दोन पट्ट्या लावायच्या असतील, तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरकडून मोजता दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात.

डीडीआर५ च्या बोर्डांवर पहिल्यांदा वीज दिल्यावर रॅमची जुळवाजुळव करण्यात काही मिनिटे जातात आणि तोवर पडदा काळाच राहतो. या काळात पुन्हा पुन्हा बटण दाबणारे ग्राहक तीच प्रक्रिया दरवेळी पहिल्यापासून सुरू करतात आणि शेवटी बोर्ड आमच्याकडे आणतात. धीर धरावा, आणि बोर्डाच्या कडेला प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड यांच्यासाठी असलेल्या लहान दिव्यांपैकी कोणता लागून राहतो ते पाहून आम्हाला फोनवर कळवावे. निम्मे निदान तिथेच होते. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते, तेव्हा मॉनिटरची केबल बोर्डाला लावून डिस्प्लेची वाट पाहण्यात अर्थ नाही.

एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी लावल्यावर जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी झाली, ही तक्रारही नित्याची आहे. अनेक बोर्डांवर एखादा एम.२ स्लॉट आणि एक-दोन सॅटा पोर्ट (हार्ड डिस्कची केबल लावण्याच्या जागा) एकाच मार्गावर असतात व एक वापरला की दुसरा बंद होतो. माहितीपुस्तिकेत कोणता पोर्ट बंद होतो ते दिलेले असते; केबल दुसऱ्या पोर्टला लावली की काम भागते.

परत घेण्याचे नियम

आताच्या दोन्ही कंपन्यांच्या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला नसून बोर्डावर असतात आणि त्या अत्यंत नाजूक असतात. त्यामुळे बोर्ड देताना आम्ही ग्राहकासमोर खोके उघडतो, सॉकेटचे छायाचित्र घेतो आणि पिना सरळ असल्याची सही घेतो. हे अविश्वासाने नव्हे, तर वाकलेल्या पिनांचा बोर्ड निर्माते वॉरंटीत सहसा स्वीकारत नाहीत आणि मग भांडण ग्राहकात व आमच्यात होते, म्हणून. सॉकेटवरचे प्लॅस्टिकचे झाकण आधी काढू नये. प्रोसेसर ठेवून कडी लावली की बहुतेक सॉकेटवर ते आपोआप सुटते. ते झाकण आणि खोके वॉरंटी संपेपर्यंत बिलासोबत जपून ठेवावे, कारण झाकणाविना आलेला बोर्ड आम्ही पुढे पाठवू शकत नाही.