अँटिबायोटिकवरचा लगाम नवा नाही

राखीव अँटिबायोटिक लिहिण्याआधी परवानगी घ्या, दोन-तीन दिवसांनी त्याची गरज पुन्हा तपासा, असं सांगितलं की अनेक डॉक्टरांना तो प्रशासनाचा जाच वाटतो. पण हा लगाम मुळात डॉक्टरांनीच घातला होता, आणि त्याला साठ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

पेनिसिलिन सर्रास मिळू लागलं आणि थोड्याच वर्षांत लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात जिवाणूतज्ज्ञ मेरी बार्बर यांच्या लक्षात आलं, की जखमा चिघळवणारे स्टॅफिलोकोकस जिवाणू त्याला दाद देईनासे झालेत. 1946 मध्ये अशा जिवाणूंचं प्रमाण साधारण 14 टक्के होतं, 1948 मध्ये ते निम्म्याच्या वर गेलं. हे जिवाणू पेनिसिलिनचा रेणू फोडणारं विकर (एन्झाइम) बनवतात. औषधाने बाकीचे मरतात आणि वॉर्डात यांचं फावतं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस बार्बर यांनी पेनिसिलिनचा वापर आवळला आणि निव्वळ खबरदारी म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधांना आळा घातला. प्रतिकारक जिवाणू खरोखरच घटले. गेलेली जमीन परत मिळवता येते, हे त्यांनी 1960 मध्ये आकड्यांनिशी मांडलं. या साऱ्या इतिहासात मला हीच नोंद सर्वांत मोलाची वाटते.

1970 मध्ये स्कॉटलंडमधून त्याहून धाडसी अनुभव प्रसिद्ध झाला. मेंदूच्या शस्त्रक्रियांच्या अतिदक्षता विभागात क्लेब्सिएला या जिवाणूची साथ हटेना, तेव्हा तिथली सगळी अँटिबायोटिक्स बंद केली गेली आणि साथ ओसरली. एरवी कुणी गिरवावा असा हा कित्ता नव्हे, पण कार्यकारणभाव यातून लख्ख दिसतो.

तरीही हे धडे मागे पडले, कारण दर वेळी नवं औषध हाताशी येत होतं. मेथिसिलिन आलं, आणि 1961 मध्येच त्याला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस नोंदवला गेला. 1980 च्या दशकानंतर नव्या औषधांचा ओघ आटला, तेव्हा जुनी शिस्त पुन्हा आठवली. 1990 च्या दशकात तिला 'स्टुअर्डशिप', म्हणजे औषधांचा जबाबदारीने सांभाळ, हे नाव मिळालं. 2007 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी दोन वाटांवर भर दिला: पूर्वपरवानगी, आणि दिलेल्या औषधाचा आढावा घेऊन डॉक्टरांशी थेट चर्चा. 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिक्सची तीन गटांत विभागणी केली: नेहमीची, जपून वापरायची आणि राखीव.

परवानगी आणि आढावा या दोन वाटांपैकी दुसरी, आढाव्याची, मला अधिक टिकाऊ वाटते, कारण तीत डॉक्टरचा निर्णय हिरावला जात नाही. पण तिचा सगळा भार प्रयोगशाळेवर आहे. पहिल्या डोसआधी रक्ताचं कल्चर (नमुन्यातले जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी) घेतलं नसेल, किंवा रिपोर्ट वेळेत वॉर्डात पोचला नसेल, तर तिसऱ्या दिवशी अनेक जिवाणूंवर चालणारं व्यापक औषध बदलून नेमकं औषध देण्याची हिंमत कुणी कशाच्या आधारावर करायची?