झोपेची थकबाकी वेगळी, घड्याळ वेगळं

‘दोन रात्री जागलो, बॉडी क्लॉकची पार वाट लागली!’ हे ऐकलं की विचारावंसं वाटतं, वाट नक्की कशाची लागली? झोप तुंबली की घड्याळ सरकलं? दोन्हींत माणूस पेंगतो, म्हणून लोक सरसकट घड्याळालाच बोल लावतात.

थकबाकी सगळ्यांच्या ओळखीची आहे. जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साचतं, झोपेत ओसरतं. कॉफी ते कमी करत नाही, नुसती त्याच्या जागेवर ठाण मांडून बसते.

घड्याळ म्हणजे मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातला सुमारे २०,००० पेशींचा पुंजका, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरासा वर. तुम्ही किती तास जागे आहात याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. ज्यानं रात्रभर जागून काम केलंय त्याला हे माहीत आहे: पहाटे चारला डोळे उघडे ठेववत नाहीत, अंगात थंडी भरते, आणि सकाळी दहाला चक्क तरतरी येते. सहा तास जास्त जागूनही! थकबाकी वाढलेलीच असते, फक्त आता घड्याळ तिच्याविरुद्ध जोर लावत असतं. उलटंही होतं. उद्या लवकर उठायचं म्हणून रोजच्या वेळेच्या दोन तास आधी अंथरुणावर पडावं, तर नुसती तळमळ. हा जोर तेव्हाच सर्वांत जास्त असतो. या दोन प्रक्रियांची मांडणी झोपेचे संशोधक आलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्येच केली आहे. तरी घोळ चालूच.

मग काटे सरकवतो कोण? मुख्यतः प्रकाश. रात्रीचा उजेड घड्याळ मागे पाडतो, सकाळचा पुढे आणतो. म्हणजे दोष जागरणापेक्षा डोळ्यांसमोरच्या दिव्याचा. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत लोळलं की थकबाकी थोडी फिटते, पण सकाळचा प्रकाश हुकतो आणि घड्याळ आणखी रेंगाळतं.

अपुरी झोप घड्याळाला अगदीच शिवत नाही असं नाही. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाच्या २०१३ च्या प्रयोगात आठवडाभर रोज सहा तासांहून कमी झोपलेल्यांच्या रक्तात दिवसाच्या तालावर चालणारी जनुकं घटली, उरलेल्यांचा चढउतारही सपाट झाला. याला ताल फिका पडणं म्हणावं. काटे सरकणं ही निराळी गोष्ट.

आणि कृपा करून मेलाटोनिन या संप्रेरकाला ‘झोपेची गोळी’ म्हणू नका. ती रात्र झाल्याची दवंडी आहे. सकाळी घेतलं तर तेच घड्याळ मागे ढकलू शकतं.