एनएफसी अंगठी: वापरण्याआधी हे वाचा

आमच्याकडून अंगठी घेतल्याबद्दल आभार. एनएफसी म्हणजे अगदी जवळून, बिनतारी माहिती देण्याघेण्याची पद्धत: अंगठीच्या चिपमध्ये तुम्ही लिहिलेला मजकूर टेकवताच मोबाइल वाचतो. ही अंगठी कधीच चार्ज करावी लागत नाही. आतल्या चिपला लागणारी वीज मोबाइलकडूनच, तेवढ्या क्षणापुरती मिळते. म्हणून अंगठी मोबाइलला अगदी टेकवावी लागते.

टेकवायची कुठे, इथेच बरेच जण अडतात. आयफोनचा अँटेना वरच्या कडेला असतो. अँड्रॉइडमध्ये तो बहुधा पाठीवर, मधोमध किंवा कॅमेऱ्याजवळ सापडतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये एनएफसी चालू करा, स्क्रीनचे लॉक उघडा आणि अंगठी सावकाश सरकवत न्या. मोबाइल थरथरला की जागा सापडली. कव्हरला धातूची पट्टी असेल तर आधी कव्हर काढा. आयफोन एक्सएस आणि त्यानंतरचे आयफोन कोणतेही अ‍ॅप न उघडता अंगठी वाचतात.

अंगठीत मजकूर लिहिण्यासाठी ‘एनएफसी टूल्स’ हे मोफत अ‍ॅप पुरेसे आहे. आपल्या अंगठीत एनटॅग २१६ ही चिप आहे आणि तिच्यात ८८८ बाइट मावतात. मराठीत लिहिणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावे: देवनागरीतले प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते. नुसत्या ‘श्री’ला १२ बाइट लागतात, रोमन लिपीत ४. नाव, हुद्दा, दुकानाचा पूर्ण पत्ता असे सगळे मराठीत लिहायला गेलात तर जागा भराभर संपते. शिवाय अंगठीत थेट लिहिलेले संपर्ककार्ड अँड्रॉइडवर उघडते, आयफोनवर आपोआप उघडत नाही. त्यामुळे आमचा आग्रह लिंकचाच: तुमची माहिती एखाद्या वेब पानावर ठेवा आणि अंगठीत फक्त त्या पानाची लिंक लिहा. ती दोन्हीकडे चालते आणि फोन नंबर बदलला तर पानावर बदलायचा, अंगठीला हात लावायचा नाही.

आयफोनवाल्यांसाठी आणखी एक सोय आहे. ‘शॉर्टकट्स’ अ‍ॅपमधल्या ऑटोमेशनमध्ये एनएफसी निवडून अंगठी ओळखवून द्या. मग नाट्यगृहात शिरताना अंगठी टेकवली की फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर जाईल. यासाठी अंगठीत काही लिहावेही लागत नाही.

अ‍ॅपमधला ‘लॉक’ पर्याय मात्र विचार करून वापरा. एकदा लॉक केलेली अंगठी आम्हालाही उघडता येत नाही. कुणी मजकूर बदलू नये एवढेच हवे असेल तर पासवर्ड लावा. मजकूर वाचता मात्र कुणालाही येतो, तेव्हा एटीएमचा पिन किंवा आधार क्रमांक अंगठीत कधीही लिहू नका.

या अंगठीने दुकानात पैसे देता येत नाहीत, मेट्रोचे कार्डही तिच्यात उतरवता येत नाही. एमआरआयच्या वेळी ती काढून ठेवा. सैल किंवा घट्ट झाली तर सोनाराकडे कापायला देऊ नका, आतली तार तुटते. आमच्याकडे आणा, माप बदलून दुसरी देऊ.