तैमूरचे दोन जफरनामे: शामीचा कोणता, यज्दीचा कोणता?

तैमूरलंगाचं कोणतंही अभ्यासपूर्ण चरित्र उघडा, तळटीपांत ‘जफरनामा’ भेटतोच. पण तैमूरवर या नावाचे दोन फारसी ग्रंथ आहेत. (गुरू गोविंदसिंगांनी औरंगजेबाला पाठवलेला जफरनामा वेगळा, ते पद्यातलं पत्र आहे.)

पहिला निजामुद्दीन शामीचा. तो खुद्द तैमूरने लिहून घेतला, आणि भाषा सगळ्यांना कळेल इतकी साधी हवी असं बजावलं. ग्रंथ 1404 मध्ये पुरा झाला, तेव्हा तैमूर हयात होता. साहजिकच फेब्रुवारी 1405 मध्ये चीनच्या स्वारीवर निघाला असता मध्य आशियातल्या ओत्रारला त्याला आलेला मृत्यू शामीत सापडणार नाही.

दुसरा शरफुद्दीन अली यज्दीचा. तैमूरचा नातू इब्राहिम सुलतान शिराजला कारभार पाहत होता, त्याच्यासाठी 1425 च्या सुमारास हा लिहिला गेला. भाषा अलंकारिक, जागोजागी कविता. 8 एप्रिल 1336 ही नेहमी दिली जाणारी जन्मतारीख यज्दीकडची. फरक नुसता भाषेचा नाही. तैमूरने स्वतःला कधी खान म्हणवलं नाही. चंगीझखानाच्या वंशातला एक नामधारी खान गादीवर ठेवून तो राज्य करी. यज्दीच्या काळी तैमूरचा मुलगा शाहरुख याने ती प्रथा सोडलेली होती, म्हणून त्याच्या ग्रंथात हे खान बरेच मागे पडतात. तैमूरची सत्ता कशी चाले हे समजून घ्यायचं तर शामी आधी वाचावा.

तळटीपेत लेखकाचं नाव नसेल तर आवृत्ती बघा. प्राग, 1937 किंवा संपादक ताउअर दिसला की तो शामी. कलकत्ता, 1887-88 असेल तर यज्दी. 1722 चं फ्रेंच भाषांतर आणि त्यावरून 1723 मध्ये झालेलं इंग्रजी भाषांतरही यज्दीचंच. प्रागच्या आवृत्तीत हाफिज-ए अब्रू या नंतरच्या दरबारी इतिहासकाराची भर जोडलेली आहे, ती शामीच्या नावावर घालू नका. नुसतं ‘यज्दी’ लिहिलेलं असेल तरीही थांबा: हिंदुस्थानच्या स्वारीची रोजनिशी लिहिणारा गियासुद्दीन अली हाही इराणातल्या यज्द शहरचाच.

खरी फसगत पुढे आहे. यज्दीने शामीचा ग्रंथ समोर ठेवूनच आपला रचला. त्यामुळे ‘दोन्ही जफरनाम्यांत असंच आहे’ म्हणजे दोन साक्षी झाल्या असं मुळीच नाही. त्यात ‘मलफुजात-ए-तैमुरी’ची भर पडते. तैमूरचं आत्मचरित्र म्हणून हा ग्रंथ 1637 मध्ये शाहजहानपुढे आला आणि बादशहाने तो यज्दीशी ताडून दुरुस्त करवला. एलियट-डाऊसन यांच्या, फारसी तवारिखांचे इंग्रजी उतारे देणाऱ्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात त्याचे उतारे आहेत. दिल्लीच्या स्वारीबद्दल ‘मी’ म्हणून बोलणारा तैमूर आपल्याकडच्या लेखनात दिसतो तो बहुतेक तिथूनच येतो. असं वाक्य तैमूरचे शब्द म्हणून उद्धृत करू नये.

दुसरी साक्ष हवी असेल तर दरबाराबाहेर जावं लागतं. इब्न अरबशाहला 1401 मध्ये दमास्कस पडल्यावर लहानपणीच तैमूरच्या राजधानीत, समरकंदला नेलं होतं. त्याने पुढे अरबीत लिहिलेल्या चरित्रात तैमूरबद्दलचा राग उघड आहे, तो वजा करूनच वाचावं. कास्तील या स्पेनमधल्या राज्याचा राजदूत क्लाविहो 1404 च्या शरदात समरकंदला होता; थकलेला, पापण्या उतरलेला तैमूर त्याने स्वतः पाहून लिहिला आहे.